प्रजासत्ताकाची सागरपार पावले
अमेरिकेचा साम्राज्यविस्तार आणि त्याची कारणे : १८७० ते १८९९
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



एकोणिसाव्या शतकातील मराठी वाचकाच्या मनातील अमेरिकेचे चित्र मोठे उजळ होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन जनतेला अर्पण करून. दहा वर्षांनी आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टरीची पदवी घेऊन परतल्या. त्या पदवीदानाला हजर राहण्यासाठी गेलेल्या पंडिता रमाबाई पुढे दोन वर्षांहून अधिक काळ तेथे राहिल्या आणि १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ त्यांनी मराठीत दिला. तेथील मूळ रहिवाशांवर आणि कृष्णवर्णीयांवर झालेल्या अन्यायाकडे रमाबाईंनी डोळेझाक केली नाही. तरीही ग्रंथाचा एकूण सूर राजावाचून चालणाऱ्या राज्याविषयीच्या आदराचा आहे. पुढे महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहून १९१० साली विल्यम बॉर्डन या ग्रंथपालास बडोद्यास आणले, आणि या देशातील ग्रंथालय-चळवळीच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण सुरू झाले.

रमाबाईंचा ग्रंथ १८८९ चा, बॉर्डनचे आगमन १९१० चे. या दोन सालांच्या दरम्यान त्या प्रजासत्ताकाचे रूप पालटले होते. इंग्रज राजाची सत्ता झुगारून जन्मास आलेला हा देश आता हवाई, प्वेर्तो रिको, ग्वाम, सामोआची पूर्वेकडील बेटे आणि सुमारे सत्तर लाख वस्तीचा फिलिपाइन्स द्वीपसमूह यांचा धनी झाला होता. क्यूबा नावाला स्वतंत्र होता. परंतु १९०१ च्या प्लॅट दुरुस्तीने त्याच्या कारभारात हात घालण्याचा हक्क अमेरिकेने स्वतःकडे राखला होता. हे घडले कसे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या प्रश्नाची उत्तरे बहुधा एका शब्दात दिली जातात. कोणी म्हणतात बाजारपेठ, कोणी म्हणतात वर्णगर्व, कोणी वृत्तपत्रांवर दोष ठेवतात. प्रत्येक उत्तरात काही तथ्य आहे. परंतु प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने विचारला तर उत्तर अधिक नेमके मिळते. सागरपार भूमी घेण्याची संधी अमेरिकेला १८९८ मध्ये प्रथमच आली असे नाही. १८६७ साली परराष्ट्रमंत्री सीवर्ड यांनी बहात्तर लाख डॉलर देऊन रशियाकडून अलास्का घेतला. त्याच वर्षी पॅसिफिकमधील मिडवे बेटावर अमेरिकन निशाण चढले. डेन्मार्ककडून कॅरिबियन समुद्रातील बेटे विकत घेण्याचा करारही तेव्हाच झाला होता. सिनेटने तो मंजूरच केला नाही. अध्यक्ष ग्रँट यांनी सांतो दोमिंगो, म्हणजे आजचे डॉमिनिकन प्रजासत्ताक, जोडून घेण्याचा करार पुढे आणला. अमेरिकन घटनेप्रमाणे परराष्ट्रांशी होणाऱ्या करारास सिनेटमध्ये दोनतृतीयांश मते लागतात. ३० जून १८७० रोजी मते मोजली तेव्हा अठ्ठावीस बाजूने आणि अठ्ठावीस विरुद्ध पडली. करार बारगळला. म्हणजे इच्छा होती, भूमी होती, सत्ताधारी अध्यक्षाचा आग्रह होता, आणि तरीही देशाने नकार दिला. मग अठ्ठावीस वर्षांनी तोच देश होकार देतो तो कशामुळे?

एक खुलासा आधी करावयास हवा. अमेरिकेचा विस्तार हा तिच्या जन्मापासूनचाच आहे. लुइझियाना विकत घेतले, मेक्सिकोशी १८४६ ते १८४८ युद्ध करून कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख घेतला, आणि मूळ रहिवाशांना हुसकावून तेथे गोरी वसाहत केली. परंतु त्या भूमीची यथावकाश राज्ये होत आणि ती बरोबरीच्या नात्याने संघराज्यात येत. ज्यांना नागरिक करावयाचे नाही अशा दूरच्या लोकांवर राज्य करणे हा प्रकार निराळा होता. १८७० साली नकार देणाऱ्यांमध्ये हा भेद ओळखणारे होते, आणि काळ्या माणसांचा प्रदेश संघराज्यात नको म्हणणारेही होते. दोघांची मते एकाच पारड्यात पडली.

आता मधल्या काळात काय बदलले ते पाहू. १८९० च्या शिरगणतीनंतर गणती-अधिकाऱ्यांनी असे जाहीर केले की, वसलेल्या आणि ओसाड मुलखामधील सलग सीमारेषा आता नकाशावर दाखविता येत नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात वुंडेड नी येथे लष्कराने मूळ रहिवाशांची कत्तल केली आणि पश्चिमेकडील दीर्घ संघर्ष जवळजवळ संपला. जुलै १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या इतिहासकारांच्या सभेत फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण प्राध्यापकाने एक निबंध वाचला. अमेरिकेचा स्वभाव या सरकत्या सीमेने घडविला आणि ती सीमा आता संपली, असे त्याचे प्रतिपादन होते. दोनच महिन्यांनी याच प्रदर्शनाला जोडून भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले आणि त्यांची कीर्ती जगभर पसरली. टर्नरच्या निबंधाकडे त्या दिवशी फारसे कोणी लक्ष दिले नाही. पण राजकारण्यांच्या मनात आधीच घोळत असलेल्या शंकेला त्याने शब्द दिले. जमीन संपली, आता पुढे कुठे?

ही शंका ज्या वर्षी बोलून दाखविली गेली ते वर्ष भीषण मंदीचे होते. १८९३ मध्ये अमेरिकेत सुमारे पाचशे बँका आणि पंधरा हजार व्यापारी पेढ्या बुडाल्या. या संकटाचा एक धागा हिंदुस्थानपर्यंत येतो. चांदी आणून देणाऱ्या कोणालाही रुपये पाडून देण्याची पद्धत येथील सरकारने जून १८९३ मध्ये बंद केली, त्याबरोबर जगभर चांदीचा भाव कोसळला आणि आधीच डळमळलेल्या अमेरिकन चलनव्यवस्थेवर नवा आघात झाला. पुढच्या वर्षी बेकारांचे तांडे वॉशिंग्टनवर चालून गेले, पुलमनच्या संपात सैन्य बोलवावे लागले. कारखानदारांनी आणि मुत्सद्द्यांनी निदान केले ते असे की, देशात खपते त्याहून अधिक माल पिकतो आणि बनतो, म्हणून तो बाहेर खपला पाहिजे. नाही तर कामगार रस्त्यावर येतील. निर्यातीचे आकडे या निदानाला पोषक होते. १८७० साली सुमारे चाळीस कोटी डॉलरची असलेली निर्यात १८९८ साली १२३ कोटींवर गेली.

बाजारपेठेचे कारण खरे मानणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे. हा वाढलेला माल जात होता कुठे? बहुतांश युरोपात आणि कॅनडात, जिथे अमेरिकेला एक इंचही भूमी नको होती. ज्या चीनच्या अफाट बाजारपेठेची स्वप्ने रंगविली जात, तिथे एकूण निर्यातीच्या जेमतेम एक-दोन टक्के माल जाई. म्हणजे विस्ताराला बळ दिले ते झालेल्या नफ्याने नव्हे. होईल अशा आशेने, आणि त्याहूनही न झाला तर काय या भीतीने. युरोपातील सत्ता आणि जपान चीनचे लचके तोडीत आहेत, आपण उशीर केला तर दार बंद होईल, ही धास्ती १८९५ नंतर वॉशिंग्टनमध्ये खरोखरीची होती. आशा आणि धास्ती यांवर राज्ये चालतात. तथापि त्यांना हिशेबाचे नाव देणे योग्य नव्हे.

दुसरा बदल अधिक मूर्त होता, आणि एका जहाजाच्या हकिकतीतून तो चांगला समजतो. यादवी युद्धानंतर अमेरिकेचे आरमार कुजत पडले होते. लाकडी गलबते, जुन्या तोफा. दक्षिण अमेरिकेतील चिलीचे आरमारही त्याहून सरस मानले जाई. १८८३ साली अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, तीन पोलादी क्रूझर बांधण्यास मंजुरी दिली : अटलांटा, बॉस्टन आणि शिकागो. यांतली बॉस्टन पुढे दोनदा भेटणार आहे. १८८४ मध्ये न्यूपोर्ट येथे नाविक युद्धविद्येचे महाविद्यालय निघाले, आणि तेथील अध्यापक कॅप्टन आल्फ्रेड थेयर महान यांनी आपली व्याख्याने १८९० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. इतिहासावर सागरी सत्तेचा प्रभाव कसा पडला हा त्याचा विषय. ग्रंथात उदाहरणे आहेत ती मुख्यतः सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्लंड-फ्रान्स-हॉलंड यांच्या झुंजींची. परंतु त्यातून बोध घेतला तो विसाव्या शतकाकडे पाहणाऱ्यांनी. जर्मनीचा कैसरही त्याचा भक्त बनला. ग्रंथाने राष्ट्राचे धोरण पालटावे असे क्वचितच घडते, म्हणून ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून याचा उल्लेख विशेष अगत्याने करावासा वाटतो. अर्थात पालट इष्टच होता असे त्यावरून ठरत नाही. त्याच वर्षी काँग्रेसने तीन मोठ्या युद्धनौकांना मंजुरी दिली.

या सगळ्या खटाटोपातील साधी गोष्ट म्हणजे कोळसा. शिडाच्या गलबताला वारा पुरे. वाफेच्या जहाजाला काही दिवसांनी कोळसा घ्यावाच लागतो. पॅसिफिक ओलांडून चीनकडे जावयाचे तर वाटेत कोळशाच्या बखारी हव्यात, त्या राखण्यास बंदर हवे, आणि बंदर राखण्यास बेट हवे. तर्क एकदा असा चालू झाला की मध्ये थांबण्यास जागा राहत नाही. हवाई बेटांतील पर्ल हार्बरच्या वापराचा अनन्य हक्क अमेरिकेने १८८७ मध्येच मिळविला होता.

हवाईची कथा मराठी श्रोत्यांना एका कारणाने जवळची वाटावी. मॅसॅच्युसेट्समध्ये १८१० साली स्थापन झालेल्या मिशनरी संस्थेने, जिला अमेरिकन बोर्ड म्हणत, १८१३ मध्ये मुंबईस पहिले धर्मोपदेशक पाठविले. त्यांचीच शाखा पुढे अमेरिकन मराठी मिशन झाली. अहमदनगरला १८३१ साली तिचे ठाणे झाले, आणि १८४२ साली तेथून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. त्याच बोर्डाने १८२० मध्ये हवाईला माणसे धाडली. संस्था एक, धर्म एक, गावाकडची माणसेही त्याच वळणाची. नगरला शाळा, छापखाना आणि नियतकालिक उभे राहिले. हवाईतही शाळा आणि छापखाना आले. पण तेथे १८४८ नंतर जमिनी खाजगी मालकीच्या झाल्या, १८५० मध्ये परकीयांनाही त्या घेता येऊ लागल्या, आणि मिशनऱ्यांच्या मुलानातवंडांतून साखरेचे मळेवाले, वकील आणि मंत्री निपजले. राणीला पदच्युत करणाऱ्यांचा पुढारी लॉरिन थर्स्टन हा मिशनऱ्यांचा नातू, आणि नंतर हवाई प्रजासत्ताकाचा अध्यक्ष झालेला सॅनफर्ड डोल हा मिशनऱ्याचा मुलगा. धर्मप्रसार हे साम्राज्याचे कारण होते असे म्हणणाऱ्यांनी नगर आणि होनोलुलू ही दोन गावे शेजारी ठेवून पाहावीत. जिथे राज्य आधीच दुसऱ्या बलाढ्य सत्तेचे होते तिथे मिशन मिशनच राहिले; जिथे राज्य दुबळे आणि जमीन मोकळी होती तिथे त्याला राजकारणाची वाट फुटली.

साखरेचे अर्थकारण असे : १८७५ च्या करारान्वये हवाईची कच्ची साखर अमेरिकेत बिनजकात येऊ लागली आणि पंधरा वर्षांत तिची निर्यात सुमारे दहापट झाली. १८९० च्या मॅकिन्ली जकात-कायद्याने सर्वच देशांच्या कच्च्या साखरेवरील जकात उठविली, आणि देशात पिकलेल्या साखरेला पौंडामागे दोन सेंट अनुदान दिले. हवाईचा विशेष लाभ एका फटक्यात गेला. बेटे अमेरिकेत सामील झाली तर अनुदान मिळेल, हा हिशेब उघड होता. तरी इतके सरळ मानू नये. बेटांतील सर्वांत बडा साखरसम्राट क्लाउस स्प्रेकल्स सामिलीकरणाच्या विरुद्ध होता, कारण अमेरिकन कायदा लागू झाला तर मुदतबंदीचे मजूर ठेवता येणार नाहीत अशी त्याला भीती होती. जानेवारी १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी नवी राज्यघटना आणू पाहत होती. तिने राजसत्तेचे अधिकार परत आले असते. १६ जानेवारीस होनोलुलूच्या बंदरातील बॉस्टन जहाजावरून दीडशेहून अधिक खलाशी आणि सैनिक उतरले, आणि दुसऱ्या दिवशी राणीने सक्तीपुढे मान तुकविली. हीच ती १८८३ साली मंजूर झालेली क्रूझर.

येथेही देशाने लगेच होकार दिला नाही. नवे अध्यक्ष क्लीव्हलँड यांनी सामिलीकरणाचा करार मागे घेतला, चौकशी करविली, आणि अमेरिकन वकिलाचा त्यात हात होता असा निष्कर्ष निघाला. १८९७ मध्ये पुन्हा करार झाला तेव्हा हवाईतील मूळ रहिवाशांनी त्याविरुद्ध एकवीस हजारांवर सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला पाठविला. त्यांची एकूण संख्या तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास होती हे लक्षात घेतले म्हणजे त्या अर्जाचे वजन कळते. सिनेटमध्ये दोनतृतीयांश मते काही जमेनात. अखेर युद्धाच्या धामधुमीत, जुलै १८९८ मध्ये, करार बाजूला ठेवून दोन्ही सभागृहांचा साधा संयुक्त ठराव करण्यात आला. त्याला साधे बहुमत पुरत होते.

हे युद्ध उद्भवले ते क्यूबावरून, आणि त्याच्याही मुळाशी साखर आहे. १८९४ च्या जकात-कायद्याने कच्च्या साखरेवर पुन्हा चाळीस टक्के जकात बसली. क्यूबाची साखर मुख्यतः अमेरिकेतच खपत असे. मळे ओस पडले, मजूर बेकार झाले, आणि फेब्रुवारी १८९५ मध्ये स्पेनच्या राजवटीविरुद्ध बंड पेटले. बंडाची तयारी होसे मार्ती आणि त्यांचे सहकारी कित्येक वर्षे करीत होते. जकातीने बंड निर्माण केले नाही. उपाशी हातांना बंडाकडे वळविले. मार्ती मे महिन्यातच धारातीर्थी पडले. स्पेनच्या जनरल वेलर याने खेड्यांतील लोकांना तटबंद छावण्यांत कोंडले, आणि रोगराईने व उपासमारीने लाखाहून अधिक माणसे दगावली असावीत. अमेरिकन जनतेच्या मनात उसळलेली करुणा खरी होती. हर्स्ट आणि पुलित्झर यांच्या वृत्तपत्रांनी तिला भडक रंग दिला. चित्रकाराला तार करून ‘तुम्ही चित्रे पुरवा, युद्ध मी पुरवितो’ अशा अर्थाचे हर्स्ट यांनी कळविल्याची आख्यायिका आजही सांगितली जाते, परंतु त्या तारेचा पुरावा कधी मिळालेला नाही. वृत्तपत्रांनी कोलाहल केला. निर्णय केला असे म्हणणे त्यांना नको इतका मान देण्यासारखे आहे. बडे व्यापारी आणि त्यांची पत्रे तर १८९८ च्या वसंतऋतूपर्यंत युद्धाला नाखूषच होती, कारण मंदी नुकतीच ओसरत होती.

१५ फेब्रुवारी १८९८ च्या रात्री हवाना बंदरात मेन ही अमेरिकन युद्धनौका स्फोट होऊन बुडाली आणि २६६ माणसे मेली. नाविक चौकशीने बाहेरील सुरुंगाचे निदान केले. १९७६ साली ॲडमिरल रिकोव्हर यांच्या देखरेखीखाली झालेल्या अभ्यासात मात्र असे दिसले की, स्फोट आतूनच झाला असावा; दारूगोळ्याच्या कोठाराला लागून असलेल्या कोळशाच्या खणात आग लागली असावी. कोळशासाठी बेटे हवीत असा ज्यांचा आग्रह होता, त्यांना युद्धाचे निमित्तही बहुधा कोळशानेच दिले.

एप्रिलमध्ये काँग्रेसने युद्धाचा मार्ग मोकळा केला, पण त्याबरोबरच सिनेटर टेलर यांची दुरुस्ती मंजूर करून क्यूबा आपण घेणार नाही असे वचनही दिले. फिलिपाइन्सचा उल्लेख त्या वचनात नव्हता. वगळण्याचा कोणाचा डाव होता असे नव्हे. एप्रिल महिन्यात त्या बेटांचा विचार आरमाराच्या दप्तराबाहेर फारसा कोणी केलाच नव्हता. आरमाराच्या दप्तरात मात्र मनिलावर चालून जाण्याची योजना १८९६ पासून तयार होती. उपमंत्री थिओडोर रूझवेल्ट यांनी वरिष्ठ मंत्री गैरहजर असताना २५ फेब्रुवारीस कमोडोर ड्यूई यांना सज्ज राहण्याची तार केली, ही कथा रूझवेल्टप्रेमी आणि रूझवेल्टद्वेष्टे दोघांनाही आवडते. पण एका माणसाच्या एका दुपारीने साम्राज्य आणले असे मानणे भाबडेपणाचे आहे. ड्यूई हाँगकाँगला होते. युद्ध सुरू होताच तटस्थ इंग्रजांनी त्यांना बंदर सोडावयास लावले. जवळपास स्वतःचे एकही बंदर नसल्यामुळे त्यांनी कोळशाचे एक जहाजच विकत घेऊन बरोबर ठेवले होते. १ मे १८९८ च्या सकाळी मनिलाच्या उपसागरात स्पेनचे जुनाट आरमार काही तासांत बुडाले. ड्यूईंच्या ताफ्यात होनोलुलूची ती बॉस्टनही होती.

यापुढील पाच महिन्यांत जे ठरले ते सर्वांत महत्त्वाचे. फिलिपिनो पुढारी एमिलिओ आगिनाल्दो यांनी १२ जून १८९८ रोजी स्वातंत्र्याची घोषणा केली. मनिला शहराभोवतीचा बहुतेक मुलूख त्यांच्या सैन्याने जिंकला होता. अमेरिका आणि स्पेन यांच्यात १२ ऑगस्टला शस्त्रसंधी झाली. ड्यूईंनी तारायंत्राची समुद्रातील तार आधीच तोडली असल्याने ही बातमी मनिलाला पोहोचलीच नाही, आणि १३ ऑगस्टला अमेरिकनांनी शहर घेतले. तेही स्पॅनिश अधिकाऱ्यांशी आतून संगनमत करून, लुटुपुटीची लढाई करून, आणि फिलिपिनो सैन्याला शहराबाहेर ठेवून. पॅरिसला तहाची बोलणी सुरू झाली तेव्हा फिलिपिनोंचे प्रतिनिधी फेलिपे आगोन्सिल्यो यांना दारातून आत घेतले गेले नाही.

अध्यक्ष मॅकिन्ली यांनी प्रथम एखाद्या बंदरावर, मग लुझॉन बेटावर समाधान मानण्याचा विचार केला. ऑक्टोबरात ते मध्यपश्चिमेच्या दौऱ्यावर गेले, विस्ताराची वाक्ये बोलून टाळ्यांचा अंदाज घेतला, आणि महिनाअखेर संपूर्ण द्वीपसमूह मागण्याची आज्ञा दिली. बेटे सोडली तर जर्मनी किंवा जपान घेईल, हा युक्तिवाद त्यांच्या मनात बळावला होता. रात्री प्रार्थना करताना हा प्रकाश पडला आणि फिलिपिनोंना सुशिक्षित व ख्रिस्ती करण्याचे ठरविले, असे त्यांनी काही धर्मोपदेशकांना सांगितल्याची हकिकत प्रसिद्ध आहे. ती छापली गेली १९०३ साली, मॅकिन्लींच्या हत्येनंतर. म्हणून तिच्यावर भार टाकू नये. फिलिपिनो तर गोव्यातील ख्रिस्ती समाजाप्रमाणे सोळाव्या शतकापासून कॅथलिक होते, आणि मनिलाचे सांतो तोमास विद्यापीठ १६११ सालचे, म्हणजे हार्वर्डहून पंचवीस वर्षांनी जुने होते.

१० डिसेंबरला तह झाला. वीस लक्ष नव्हे, दोन कोटी डॉलर देऊन अमेरिकेने फिलिपाइन्स घेतले. पोलादसम्राट कार्नेगी यांनी ती रक्कम स्वतः भरून बेटांना स्वतंत्र करण्याची तयारी दाखविली होती. विरोधकांचा संघ बॉस्टनला स्थापन झाला. त्यात तत्त्वज्ञ विल्यम जेम्स होते, कामगारपुढारी गॉम्पर्स होते, पुढे मार्क ट्वेन आले. त्यांच्यापैकी काहींचा विरोध प्रजेच्या संमतीवाचून राज्य नसावे या तत्त्वासाठी होता, तर काहींचा आशियाई माणूस देशात येईल या भयापोटी. १८७० प्रमाणेच हीही सरमिसळ होती. विस्तारवादी आणि त्यांचे विरोधक दोघेही पुष्कळदा एकाच वर्णगर्वातून बोलत; एकाला राज्य करावयाचे होते, दुसऱ्याला स्पर्शही नको होता. म्हणून वर्णगर्व हे एकटे कारण पुरत नाही. फेब्रुवारी १८९९ मध्ये अमेरिकेला उद्देशून ‘गोऱ्या माणसाचे ओझे’ ही कविता प्रसिद्ध करणारे रुडयार्ड किपलिंग हे मुंबईस, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेले. ती आगाऊ वाचून रूझवेल्ट यांनी आपल्या मित्राला काय कळविले, तर काव्य सुमार आहे, पण विस्ताराच्या दृष्टीने विचार बरा आहे.

सिनेटमध्ये तहावर ६ फेब्रुवारी १८९९ रोजी मतदान झाले. दोनच दिवस आधी मनिलाच्या वेशीवर अमेरिकन आणि फिलिपिनो सैन्यांत गोळीबार सुरू झाला होता. सत्तावन्न बाजूने, सत्तावीस विरुद्ध. दोनतृतीयांशांना एकच मत अधिक. मॅकिन्लींच्या रिपब्लिकन पक्षातील होर आणि हेल हे दोघेच विरुद्ध गेले. उलट विरोधी पक्षाचे पुढारी ब्रायन यांनी, आधी शांतता होऊ दे, स्वातंत्र्य मग देऊ, असे म्हणून आपल्या काही अनुयायांना तहाकडे वळविले. म्हणजे मंदी, जमीन, आरमार, साखर, धर्म, वर्णगर्व ही सारी कारणे एकत्र येऊनही पारडे झुकले ते इतकेच. १८७० मध्ये ही कारणे अशी एकत्र आली नव्हती. आणि १८९९ मध्ये, तो प्रदेश आधीच लष्कराच्या हाती असताना, ‘घ्यावे काय’ हा प्रश्न ‘सोडावे काय’ असा होऊन बसला होता. घेण्यापेक्षा सोडण्याला अधिक धैर्य लागते, आणि ते थोडक्यात कमी पडले.

ब्रायन यांच्या ‘मग’चे काय झाले, तेही त्याच महिन्यात दिसले. स्थिर शासन उभे राहताच फिलिपाइन्सला स्वातंत्र्य द्यावे, असा जॉर्जियाचे सिनेटर बेकन यांचा प्रस्ताव १४ फेब्रुवारीला मतास आला. एकोणतीस बाजूने, एकोणतीस विरुद्ध. उपाध्यक्ष होबार्ट यांनी अध्यक्षस्थानावरून आपले मत विरुद्ध टाकले. युद्ध १९०२ पर्यंत चालले. चार हजारांवर अमेरिकन सैनिक आणि सुमारे वीस हजार फिलिपिनो सैनिक पडले, आणि रोग व उपासमार धरून मेलेल्या नागरिकांची संख्या दोन लाखांपर्यंत सांगितली जाते. बातांगास प्रांतात जनरल बेल यांनी खेड्यांतील लोकांना छावण्यांत कोंडले. हाच उपाय क्यूबात वेलरने केला म्हणून अमेरिका युद्धास उठली होती. ज्या स्वातंत्र्याचे वचन होबार्ट यांच्या मताने अडले, ते फिलिपाइन्सला ४ जुलै १९४६ रोजी मिळाले.